मागच्या टायरची आतली बाजू

वाचकांचे प्रश्न, नागपूरजवळच्या वाडीच्या अलाइनमेंटवाल्या ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, गेल्या दिवाळीत पुण्याहून सेकंडहँड पोर्शे ७१८ बॉक्सटर घेतली, २०१८ची, २१ हजार किलोमीटर झालेली. टायर पुढे २३५/४५ झेडआर १८ आणि मागे २६५/४५ झेडआर १८. मागचे दोन संपत आलेत असं सर्व्हिसवाला म्हणतो, पण मला तर बाहेरून नक्षी बरी दिसते. मुंबईहून कंपनीच्या 'एन' शिक्क्याचे मागवले तर सहा आठवडे लागतील, इतके काहून? इथल्या एका दुकानात त्याच मापाचे दुसऱ्या कंपनीचे ताजे टायर आहेत, डब्ल्यू रेटिंगचे. दुसऱ्या दुकानात 'एन' शिक्क्याचेच आहेत, स्वस्तात, पण १०२२ तारखेचे. मित्र म्हणतो, ट्रॅकवरचे सेमी-स्लिक टाक, गाडी रस्त्याला चिकटून राहील. रविवारी पहाटे समृद्धीवर येळाकेळीपर्यंत जाऊन येतो, बाकी गाडी गावातच. आणखी एक, उन्हाळ्यात हवा २६ ठेवावी असं सगळेच सांगतात. खरं काय? पुढच्या टायरवर ४११७ असं लिहिलेलं आहे, ते काय असतं?
(एक वाचक, रामदासपेठ)

उत्तर : आधी एक काम करा. गाडी थंड असताना मागच्या चाकाशी बसा, जुन्या फडक्यात हात गुंडाळा आणि टायरच्या वरून आत, इंजिनाच्या बाजूला, बोटं फिरवा. उघडा हात घालू नका, का ते सांगते.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तुमच्यासारखीच एक दोन सीटची गाडी आमच्याकडे आली. मालक नुसतं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून मागत होते. गाडी इतकी खाली की रॅम्पवर घ्यायला दोन लाकडी फळ्या लावाव्या लागल्या. टायर बाहेरून झकास, खाचांमध्ये चार मिलिमीटर खोली. आमच्या पोराने टॉर्च मारून आतल्या कडेला हात फिरवला आणि "आई गं" करून मागे घेतला. बोटाला रक्त. आतल्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात रबर उरलंच नव्हतं, स्टीलच्या तारा ब्रशसारख्या बाहेर आल्या होत्या. मालकांना खाली वाकवून दाखवलं, तर ते तिथेच खाली बसले. आदल्याच रविवारी वर्धेला जाऊन आले होते म्हणे.

अशा गाड्यांची मागची चाकं मुद्दाम वरून आत झुकवलेली असतात. वळणावर गाडी एका अंगावर गेली की टायर पूर्ण टेकावा म्हणून. त्याला कॅम्बर म्हणतात. पण तुम्ही गावात सरळ चालवता, वळणं कुठली? मग सगळा भार आतल्या कडेवर, आणि ती आधी जाते. म्हणून सर्व्हिसवाला खोटं बोलत नाही आणि तुमचे डोळेही खोटं बोलत नाहीत, दोघं टायरच्या वेगवेगळ्या बाजू बघून राहिले. आतल्या कडेची पातळी खाचेतल्या छोट्या उंचवट्याशी आली, म्हणजे १.६ मिलिमीटर, की कायद्यानेही टायर संपला. माझं विचाराल तर इतका रुंद टायर मी ३ मिलिमीटरवरच काढते. पावसाळ्यात पाणी बाहेर फेकायला त्याला खोल खाच लागते. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो.

आता ४११७. ही टायरची जन्मतारीख : २०१७चा ४१वा आठवडा, म्हणजे ऑक्टोबर. तुमचे पुढचे टायर आठ वर्षांच्या वर गेले. नक्षी कितीही असो, रबर म्हातारं झालं. नखाने दाबून बघा, नवीन टायर खोडरबरासारखा किंचित दबतो, हा दबणार नाही. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, उन्हात बघा, बारीक भेगा दिसतील. तेव्हा तुम्ही दोन टायर विचारले, मी चार सांगते. पैसे जास्त जातील हे मला कळतं, चार टायरांच्या किमतीत एक स्कूटर येते. पण यात तुमचा एक गुंता सुटतोही. पोर्शेला पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे टायर चालत नाहीत, पुढच्या-मागच्या पकडीचं गणित बिघडतं. पुढचे जुने ठेवायचे असते तर मागे त्याच जातीचे शोधत फिरावं लागलं असतं. आता चारही नवे, तर निवड मोकळी.

'एन' शिक्का म्हणजे काय ते थोडक्यात. टायर कंपनीच्या एका नावाखाली दहा गाड्यांसाठी वेगवेगळे टायर निघतात. त्यातला जो पोर्शेने आपल्या गाडीवर चाचणी घेऊन पास केला, त्याच्या साइडवॉलवर एन शून्य, एन एक असं छापतात. बीएमडब्ल्यूचा तारा असतो, मर्सिडीजचं एमओ. वरून नक्षी एकच, पण आतली बांधणी आणि रबर वेगळं असू शकतं. शिक्क्याला माझा विरोध नाही. तो मिळत असेल तर घ्यावाच.

पण 'एन' शिक्क्याचा चार वर्षं जुना टायर? नाही. १०२२ म्हणजे मार्च २०२२. एखाद्या थंड, अंधाऱ्या गोदामात नीट ठेवलेला असता तर मी विचार तरी केला असता. नागपुरात मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली चार उन्हाळे काढलेला टायर म्हणजे वाळवलेला सांडगा. तो न वापरताच म्हातारा झाला. वर त्याची उरलेली वर्षं तुम्ही विकत घेणार, दुकानदार नाही.

या बाबतीत माझीच एक फजिती सांगते. दुकान नुकतं बाबांकडून माझ्या हातात आलं होतं. ट्रकच्या टायरांचं रिट्रेडिंग, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवणं, बंद करून मी अलाइनमेंट मशीन घेतलं होतं आणि मोठ्या गाड्यांची गिऱ्हाइकं यावीत म्हणून धडपडत होते. एका गिऱ्हाइकासाठी शहरातल्या एका डीलरकडून दोन महागडे टायर आणले. बाहेरच्या बाजूने कोड बघितला, तारीख नव्हतीच. म्हटलं असेल आत. बसवले. सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक आलं, चाक काढलं, आतल्या बाजूला तारीख : पाच वर्षं जुनी. डीलरने हात वर केले, "तुम्हीच बघून घ्यायला पाहिजे होतं जी." चूक त्याची होती, पण बोलला ते खरं. दोन टायरांचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून नियम असा : आठवडा-वर्षाचे चार आकडे बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतात, आणि बाजू ठरलेल्या टायरात ती बाजू चाकाच्या आत जाऊ शकते. म्हणून तारीख टायर रिमवर चढायच्या आधी बघायची, मोबाइलवर फोटो काढायचा, आणि बिलावर लिहून घ्यायची. लाजायचं नाही.

डब्ल्यू रेटिंगच्या टायरचं काय? डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत, वाय म्हणजे ३००पर्यंत. व्ही २४०, एच २१०. तुमच्या गाडीचा कंपनीने सांगितलेला कमाल वेग २७५ आहे. म्हणजे डब्ल्यू पाच किलोमीटरने कमी पडतो. आता समृद्धीवर मर्यादा १२०ची, २७० काय आणि ३०० काय, असं तुम्ही म्हणाल. रस्त्यावर मी या पाच किलोमीटरसाठी भांडणार नाही, पण कागदावर भांडेन. गाडीच्या पुस्तकात वाय लिहिलं असेल तर वायच घ्या. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर साइडवॉल वाचतो, तुमचा स्वभाव नाही वाचत. शिवाय जास्त रेटिंगचा टायर म्हणजे जास्त उष्णता सोसणारा टायर, आणि त्याची गरज आपल्याला जर्मनीपेक्षा जास्त.

रेटिंगच्या अक्षराआधीचा आकडाही बघा. तुमच्या मापात पुढे ९४ आणि मागे १०१ हवा. ९४ म्हणजे एका टायरवर ६७० किलो, १०१ म्हणजे ८२५ किलो. लोक वेग विचारतात, वजन कुणी विचारत नाही. दुकानदाराकडे यापेक्षा कमी आकड्याचा असेल तर तो कितीही स्वस्त असो, तिथून निघा.

सेमी-स्लिकवाल्या मित्राला माझा नमस्कार सांगा. तो टायर वाईट नाही, जागा चुकली. त्याची पकड कोरड्या ट्रॅकवर तापल्यावर येते. खाचा कमी आणि उथळ असतात, जुलैत वर्धा रोडवर पाणी साचलं की तो घसरगुंडी होतो. आणि सिमेंट रोड त्याला खाऊन टाकेल. टायरच्या बाजूवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा छापलेला असतो, झीज सोसण्याचा अंदाज. ट्रॅकच्या टायरांवर तो १८० किंवा २००च्या आसपास दिसतो, रस्त्यावरच्या चांगल्या स्पोर्ट्स टायरांवर ३००च्या आसपास. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी तोलू नका, प्रत्येक कंपनी आपली चाचणी आपणच करते. पण एकाच कंपनीच्या दोन टायरांत कोणता लवकर झिजेल हे त्यावरून कळतं. आपल्या गावात बरेच रस्ते सिमेंटचे, समृद्धीही सिमेंटची, त्यावर पाण्यासाठी आडव्या रेघा ओढलेल्या. हा पृष्ठभाग मऊ रबराला किसणीसारखा घासतो. त्याच आकड्याशेजारी तापमानाचं एक अक्षर असतं, ए, बी, सी. ते ए असायला हवं.

म्हणजे माझा निकाल असा. मुंबईच्या डीलरला फोन करा आणि विचारा, चारही टायर कोणत्या तारखेचे येणार. वर्षाच्या आतले असतील आणि तो लिहून देत असेल, तर सहा आठवडे थांबा. नाहीतरी मे महिन्यात छप्पर उघडून कोण फिरतं बाप्पा? तोवर गाडी हलवू नका, आतली कडा तारांवर आली असेल तर गल्लीतसुद्धा नाही. तारीख जुनी निघाली, तर इथेच नामांकित कंपनीचे, वाय रेटिंगचे, ९४ आणि १०१ भाराचे, एकाच मॉडेलचे चार टायर घ्या, शिक्का नसला तरी. शिक्क्यापेक्षा मी ताजेपणाला मान देते.

सहा आठवडे काहून लागतात, असंही तुम्ही वैतागून लिहिलंय. १२ जून २०२०ला केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून नियंत्रित यादीत टाकली. परवाना लागतो, शिवाय टायरवर आयएसआयचा शिक्का लागतो. मोठ्या मापाचे, कमी खपाचे टायर मग दुकानात ठेवून कुणी वाट बघत नाही. आपल्या बुटीबोरीत सिएटचा कारखाना आहे खरा, पण तिथे मुख्यतः दुचाकीचे टायर बनतात.

आता हवेचं. हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि मी दर उन्हाळ्यात तेच उत्तर देते, तरी माझ्या स्वतःच्या भाच्याने परवा हवा काढून टाकली. समज असा की उन्हाने हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून आधीच कमी ठेवावी. उलटं आहे. कमी हवेचा टायर रस्त्यावर चपटा होतो, प्रत्येक फेऱ्यात त्याची साइडवॉल दुमडते-उघडते, दुमडते-उघडते. तार हाताने पुढे-मागे वाकवली की मधे गरम होते ना, तसंच. ती उष्णता आतून येते, उन्हाची त्यावर फक्त भर. टायर फुटतो तो या आतल्या उष्णतेने.

आकड्यांत सांगते. समजा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३२ पीएसआय लिहिलंय आणि पहाटे ३० अंशांत तुम्ही ३२ भरली. समृद्धीवर अर्धा तास चालवून टायर आतून ६५ अंशांवर गेला तर काटा ३७च्या वर दिसेल. हे ठीक आहे. गाडी बनवणाऱ्याने हे धरूनच ३२ छापलंय. तुमच्या गाडीच्या स्क्रीनवर हवा दिसते, ती ३७ बघून घाबरून काढू नका. ३२पर्यंत काढलीत तर घरी येऊन गार झाल्यावर ती २७ निघेल, आणि पुढचा प्रवास तुम्ही त्या २७वर कराल. हवा मोजायची ती पहाटे, गाडी न हलवता. शिवमडक्याला समृद्धीवर चढण्याआधी पंपावर थांबून मोजाल तर तोवर टायर तापलेला असेल. शे-दोनशे रुपयांचा हातातला गेज गाडीत ठेवा. आणि स्टिकरचा आकडा डिसेंबरमध्येही तोच. पहाट १० अंशांची झाली की मेमध्ये भरलेली हवा तीनेक पीएसआयने आपोआप उतरलेली असते, तेव्हा भरावी लागते.

बसवताना तीन गोष्टी. रिमला पाना न लावणारं मशीन असलेलं दुकान बघा, पट्टीने टायर उपसणारं नको, नाहीतर नवा टायर आणि ओरखडलेली रिम घेऊन याल. चाकातल्या हवेच्या सेन्सरची बॅटरी आठ वर्षांत थकत आलेली असते, टायर उघडलाच आहे तर तेही बदला. आणि बोल्ट हवेच्या गनने नाही, ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या टॉर्क रेंचने, पुस्तकातल्या आकड्याला. मग अलाइनमेंट. त्यानंतर पहिले दोन-तीनशे किलोमीटर हळू. नव्या टायरवर साच्यातून सुटण्याचं तेलकट पदार्थाचं पातळ आवरण असतं, ते घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही.

आणि गावात एकच सांभाळा : सिमेंट रोडची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यामधली ती चार बोटांची पायरी. धरमपेठेत गाडी बाजूला घेताना तिच्यावर तिरपं चढू नका. आमच्याकडे फुगा आलेले जे टायर येतात, त्यातले बहुतेक या पायरीचे बळी असतात. आणि फुग्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही.

प्रश्न : माझ्या जर्मन सेडानला रनफ्लॅट टायर आहेत, फार कडक बसतात. साधे टाकले तर चालतील का?
(एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : चालतात, आणि गावात गाडी खूप मऊ होते. पण रनफ्लॅटवाल्या गाडीत बहुधा स्टेपनी नसते. रनफ्लॅट पंक्चर झाला तरी साधारण ८० किलोमीटर, ८०च्या वेगाने घरी आणतो. साधा टायर पंक्चर झाला की तुम्ही तिथेच. समृद्धीवर दोन इंटरचेंजच्या मधे रात्री थांबलात तर पंक्चरवाल्या भय्याचं टपरं शोधायला तिथे काहीच नाही. तेव्हा साधे टाकायचे तर चारही टाका, आणि डिकीत कॉम्प्रेसर व सीलंटची बाटली ठेवा. बाटलीवरही मुदत छापलेली असते. आई-वडिलांना घेऊन नेहमी लांब जात असाल तर मी सांगेन, कडक सोसा.

प्रश्न : काकू, मी इंजिनिअरिंगला आहे. बाबांची जुनी पोलो जीटी टीएसआय आता माझ्याकडे. टायर १८५/६० आर १५. मित्राच्या दुकानात १६ इंची अलॉय आणि २०५/५५ आर १६ टायर असा सेट स्वस्तात मिळून राहिला. बाबा नाही म्हणतात. तुम्ही समजावून सांगाल का?
(एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर : समजावून सांगते, पण बाबांना नाही, तुला.

कंपास काढ. मापातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये; दुसरा बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत; शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. १८५चे ६० टक्के १११, दोन्हीकडचे २२२, अधिक १५ इंच म्हणजे ३८१. झाले ६०३ मिलिमीटर. मित्राचा टायर : २०५चे ५५ टक्के दोनदा, म्हणजे २२५.५, आणि १६ इंचांचे ४०६. एकूण ६३२च्या आसपास. चाक जवळजवळ पाच टक्के मोठं झालं. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर आधीपेक्षा पाचाने जास्त पळत असेल. पूर्ण स्टिअरिंग कापलं की टायर मडगार्डला घासू शकतो. आणि मोठं जड चाक फिरवताना ते १.२ लिटरचं इंजिन मंदावेल, म्हणजे ज्यासाठी हे करतोयस तेच जाईल. दुकानांत तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असं धरतात.

१६च हवं असेल तर २०५/५० आर १६ मापाचा व्यास ६११ येतो, दीड टक्क्याच्या आत. पण माझं ऐकशील तर रिम तीच ठेव आणि ते पैसे १५ इंचाच्या उत्तम टायरांत घाल. स्वस्त अलॉय गट्टूच्या पायरीवर वाकतात, ओढून सरळ केले की पुन्हा वाकतात. रुंदीच हवी तर त्याच रिमवर १९५/६० आर १५ बसतो, व्यासात दोन टक्केच फरक. आणि टायर घ्यायला बाबांना बरोबर ने, तारीख त्यांना वाचायला लाव. त्यांचा "नाही" तिथेच निम्मा होतो.

प्रश्न : नायट्रोजन भरावा की साधी हवा?
(एक वाचक, कामठी)

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळत असेल तर भरा. महिन्यातून दोनदा पहाटे गेज लावणार नसाल तर दोन्ही सारखेच.